राखेच्या बुधवारच्या आधी

बाळा,

काल फोनवर तू एका दमात यादी वाचलीस, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात, इन्स्टा बंद, मटण बंद, साखर बंद, चहा पण बंद, मी "बरं बरं" म्हणालो आणि फोन तुझ्या आईकडे दिला. तुला वाटलं असेल पप्पांना काय पडलेलं नाही. तसं नाही रे. मला बोलायचं असतं ते फोन ठेवल्यावरच सुचतं, आजचं नाही हे, लग्नाच्या आधीपासनंचं आहे. म्हणून आता फर्स्ट शिफ्ट करून आलोय, जेवलोय, आणि मोबाईलवर एका बोटानं टाईप करत बसलोय, चुका दिसल्या तर सांभाळून घे.

परवा 18 फेब्रुवारी, राखेचा बुधवार, लेंट सुरू. काल महाशिवरात्र झाली, शेजारच्या काकूंनी खिचडी पाठवली होती. खालच्या मजल्यावर चंद्र दिसला की रोजे सुरू. म्हणजे आपल्या एका बिल्डिंगमध्ये या आठवड्यात सगळ्यांचेच उपवास, मटणवाला काय म्हणत असेल कुणास ठाऊक.

आधी नियमाचं सांगून टाकतो कारण तू विचारलंस. पोटाचा उपवास फक्त दोन दिवस बंधनकारक, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, वय 18 ते 59. एक वेळ पोटभर, बाकी दोन वेळा थोडं थोडं, ते दोन मिळून एका जेवणाएवढं व्हायला नको. मांस नाही ते त्या दोन दिवशी आणि लेंटच्या शुक्रवारी, ते 14 वर्षांपासून पुढं सगळ्यांना. मासे चालतात, अंडी चालतात. पण आजारी माणसाला उपवासाची सक्ती नाही, म्हणून आईला तू फोनवरनं जोश चढवू नकोस, तिची शुगर मागच्या महिन्यात परत वाढलेली. माझी अजून तीन वर्षं आहेत, मग सुटलो.

आता मटणाचं. तू लहान होतास तेव्हा मी चाळीसच्या चाळीस दिवस मटण सोडायचो, रविवार धरून, खरं तर रविवार त्या चाळीसात मोजतच नाहीत. कोल्हापूरच्या माणसानं तांबडा-पांढरा सोडायचा म्हणजे काय चेष्टा आहे का, त्यामुळं मला त्याचा लई अभिमान. कंपनीत चारचौघांना सांगायचो. आणि घरी आलो की भाजीत मीठ कमी म्हणून चिडचिड, तुझ्या अभ्यासावरनं चिडचिड, टीव्हीच्या आवाजावरनं चिडचिड. एका शुक्रवारी तुझ्या आईनं ताट समोर ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "मटण खावा, पण नीट बोला." तुला आठवत नसेल, तू हसला होतास आणि मी तुलाच ओरडलो होतो.

तिचं बरोबर होतं हे कळायला मला पाच-सहा वर्षं लागली, त्याचं कारण असं की मी सोडलं होतं पण त्या जागेवर काहीच ठेवलं नव्हतं. मटणाची जागा रिकामी, तिथं राग येऊन बसला. तू इन्स्टा बंद करशील, रोजचा तास-दीड तास मोकळा होईल, त्यात काय करणार? यूट्यूब बघशील. मला माहितीय, मी पण तेच करतो.

बुधवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, बायबलमधलं मत्तयचं वाचन असतं ना, दान प्रार्थना उपवास तिन्हीबद्दल, की कुणाला दाखवून करू नका, उपवास केला तर तोंड धुवा, केसाला तेल लावा, प्रार्थना करायची तर खोलीत जाऊन दार लावून घ्या. आणि हे ऐकून झाल्यावर आपण लायनीत जाऊन कपाळावर सगळ्यांना दिसेल अशी राख लावून घेतो! मला कायम गंमत वाटते त्याची. पण आमच्या फाउंड्रीत हा प्रॉब्लेम येत नाही. पहिल्या वर्षी पहाटेची मिस्सा करून राख लावून तसाच ड्युटीवर गेलो, मनात धाकधूक, कोण काय विचारेल. कुणी काही विचारलं नाही. दहा वाजेपर्यंत काळ्या वाळूनं सगळ्यांचीच कपाळं माझ्यासारखी झाली होती. तू माती आहेस, मातीला मिळशील, असं फादर म्हणतात तेव्हा मला अजून ती मोल्डिंगची लाईनच दिसते.

तर मी काय करतो ते सांगतो, पटलं तर बघ. रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या गोष्टीचं वाचन, ऐकलं की त्यातली एक गोष्ट धरायची आणि आठवडाभर खिशात घेऊन फिरायची, बसमध्ये, डबा खाताना, भट्टीसमोर. आणि रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं दिवसाचा हिशोब. ही पद्धत संत इग्नाशियसची, तो मूळचा सैनिक माणूस, 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत पायाला तोफेचा गोळा लागला आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्याचं आयुष्य फिरलं. आधी आभार मानायचे, मग देवाकडं उजेड मागायचा, मग सकाळपासनंचा दिवस परत बघायचा, जिथं चुकलं तिथं माफी, आणि उद्याचं एक काहीतरी ठरवायचं. मी कधी कधी आभारातच झोपतो. चालतंय.

यावर्षी तिसऱ्या रविवारी, 8 मार्चला, शोमरोनी बाईचं वाचन आहे, योहानच्या चौथ्या अध्यायातलं. वाचनं तीन वर्षांनी फिरून येतात, म्हणजे याच्या आधी 2023 ला होतं, आणि त्या वर्षीचं तुला कधी सांगितलेलं नाही ते आज सांगतो. त्याच आठवड्यात एका हेल्परकडनं साचे फुटले, पोरगा ओडिशाचा, तुझ्याच वयाचा. मी त्याला सगळ्यांसमोर बोललो, आईवरनं नाही, पण त्याच्या खालोखाल सगळं. आणि तेव्हा लेंट चालू होता आणि मी मटण खात नव्हतो.

रविवारी चर्चमध्ये वाचन सुरू झालं. दुपारची वेळ, याकोबाची विहीर, बाई एकटी पाणी भरायला येते. भर दुपारी कोण येतं पाण्याला? ज्याला बाकीच्या बायका नको असतात तोच. येशू यहुदी, ती शोमरोन मुलखातली, आणि यहुदी लोक शोमरोनी माणसाशी व्यवहार ठेवत नव्हते, आणि येशू तिला काय म्हणतो, तर मला प्यायला पाणी दे. आधी मागतो रे! उपदेश नंतर. मला तिथंच बसल्या बसल्या आपल्या शाहू महाराजांचं आठवलं, शाळेत असल्यापासनं ऐकलेलं. गंगाराम कांबळेंना पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मारलं होतं, महाराजांनी त्यांना हॉटेल टाकायला लावलं आणि स्वतः जाऊन त्यांच्या हातचा चहा प्यायले. महाराज वाड्यावर बोलावून त्यांना चहा पाजू शकले असते की. पण त्यांनी त्यांच्या हातून घेतला. ते आणि विहीर, दोन्ही डोक्यात असं काय अडकलं की प्रवचन काय झालं मला आठवत नाही.

सोमवारी त्या पोराकडं गेलो. सॉरी म्हणायचं ठरवून गेलो होतो पण तोंडातनं निघेना, पस्तीस वर्षांची सवय. त्याची पाण्याची बाटली खिडकीत होती. म्हटलं, जरा पाणी दे रे. त्यानं माझ्याकडं बघितलं, बाटली पुसली आणि दिली. बस, एवढंच. नंतर ईस्टरच्या आधी कन्फेशनला, म्हणजे पापं कबूल करायला, गेलो तेव्हा फादरना सगळं सांगितलं, पण मला विचारशील तर त्या बाटलीपाशीच निम्मं झालं होतं.

आणि अजून एक बघ त्या गोष्टीत. ती बाई शेवटी घागर तिथंच टाकून गावात जाते. घागर सोडायची असं तिनं ठरवलं नव्हतं. यादी केली नव्हती. सुटली.

म्हणून म्हणतो, इन्स्टा बंद कर, कर खुशाल, पण बाकीची यादी फाड. चहा तर सोडूच नकोस, तुझं डोकं दुखतं आणि तुझ्या रूममेटला त्रास. मटणाचे वाचलेले पैसे डब्यात टाक आणि कुणाला द्यायचे ते तुझं तू बघ, मला पण सांगू नकोस. शुक्रवारी तिकडं जवळच्या चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेला, येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या एकेका प्रसंगापाशी थांबत करायच्या त्या प्रार्थनेला, जमलं तर जा, चौदाच्या चौदा स्थानं नाही झाली मनापासनं तरी एखाद्यापाशी थांब. मी पाचव्यापाशी थांबतो, तो शिमोन, गावाकडनं चाललेला, त्याला धरून क्रूस उचलायला लावला, त्याचा काय संबंध होता?

पवित्र आठवड्याचं, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्याचं, आत्ताच सांगतो. 2 एप्रिलला गुरुवार आहे आणि त्याच दिवशी चैत्र पौर्णिमा, म्हणजे जोतिबाची यात्रा. बऱ्याच वर्षी असंच मागं-पुढं होतं कारण ईस्टर पण पौर्णिमा बघूनच ठरतो. पुण्याकडनं येणाऱ्या सगळ्या गाड्या भरणार, सासनकाठ्या, गुलाल, चांगभलं, हायवेला ट्रॅफिक. तू बुधवारी सकाळीच निघ. रात्रीच्या गाडीचा नाद करू नकोस, गुरुवारची संध्याकाळची मिस्सा चुकेल.

बाकी बरं आहे. काल फादरनी राखेसाठी, म्हणजे जाळून राख करायला, गेल्या झावळ्यांच्या रविवारच्या जुन्या झावळ्या मागितल्या, घरातल्या सगळ्या गोळा करून दिल्या. तू चौथीत असताना झावळीचा विणलेला वाकडा क्रूस येशूच्या पवित्र हृदयाच्या फोटोमागं आहे ना, तो पण काढला होता मी. आईनं हातातनं घेतला आणि परत मागं खोचला. म्हणाली, हा जळायचा नाही.

तिकीट काढलंस की मेसेज कर.

तुझा,
पप्पा