सोनूचं धावणं थांबवू नका

एल्डोरेट, केनिया

ती. दादा आणि सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सोनूचा सराव बंद करून यंदा स्थळं बघायची, असं ठरतंय म्हणे. फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

इथून जवळच कप्तागतला फेथ किप्येगॉन सराव करते. सोनूचीच शर्यत, 1500 मीटर. 2016 ला रिओत तिनं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. 2018 मध्ये तिला मुलगी झाली. पुढच्याच वर्षी दोह्याला जागतिक स्पर्धेत रौप्य, मग टोकियो आणि पॅरिसला पुन्हा सुवर्ण. 1500 मीटरची तीन ऑलिंपिक सुवर्णं आजवर दुसऱ्या कुणाही बाईला किंवा पुरुषाला मिळालेली नाहीत. तिचे सगळे विश्वविक्रम बाळंतपणानंतरचे आहेत. 2025 च्या जुलैत 3 मिनिटं 48.68 सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. नवराही धावपटू, टिमोथी किटुम, लंडन ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचं कांस्य मिळवलेला. लग्नाला माझा विरोध नाही, दादा. पण स्थळ बघताना तिचं धावणं ज्याला आपलं वाटेल, असंच बघा.

पंधराशेला पावणेचार फेऱ्या. पहिल्या तीन दमानं काढायच्या आणि शेवटच्या तीनशे मीटरला पायात वेग उरला पाहिजे. तो दम वर्षानुवर्षांच्या सरावानंच येतो. विसाव्या वर्षी सोनूची आत्ता कुठे सुरुवात आहे.

पहाटे कामावर निघते तेव्हा लाल मातीच्या रस्त्यावरून पोरापोरींचे घोळके जातात. कुणी बोलत नाही, फक्त बुटांचा आवाज. पिंढऱ्या मातीनं माखलेल्या, थंडीत तोंडातून वाफ निघतेय. आमच्या मागच्या खोलीत राहणारी मुलगी त्यांच्यातलीच. तिला युरोपात पेसमेकरचं काम मिळतं. म्हणजे पहिल्या दोन फेऱ्या ठरलेल्या वेगानं ओढायच्या आणि बाजूला व्हायचं. पदक नाही, पण ठरलेले पैसे मिळतात. त्यावर ती धाकट्या भावाची फी भरते.

पैशाचं खरं तेच सांगते. जागतिक स्पर्धेत सुवर्णाला 70,000 डॉलर आणि आठव्या नंबराला 5,000. त्यातून मॅनेजरचा वाटा जातो. इथल्या बहुतेकांच्या हाती काहीच लागत नाही. ज्यांना पोलिसात किंवा लष्करात नोकरी मिळते, त्यांचं घर चालतं. बुटांच्या कंपन्या तर गरोदरपणात करारातले पैसे कापायच्या. 2019 मध्ये 800 मीटरवाली अमेरिकन अलिशिया मोंटान्यो त्यावर जाहीरपणे बोलली, आणखीही काही जणी बोलल्या, तेव्हा कुठे काही कंपन्यांनी करार सुधारले.

म्हणून सोनूनं पदवी पूर्ण करावी आणि खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस, रेल्वे, लष्कर, जिथे जमेल तिथे अर्ज करावा. आपल्या बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात राहूनच इतका पुढे गेला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत, केनियाच्या दोघांच्या मधे घुसून त्यानं रौप्य घेतलं. इथले लोक मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्याचं नाव काढतात, आणि मला फार अभिमान वाटतो.

वहिनी, तिचं रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) दोन्ही. धावणाऱ्या मुलींमध्ये लोह कमी पडतं आणि घरचे समजतात पोरगी आळशी झाली. पाळी चुकत असेल तर डॉक्टरांना दाखव, लपवू नका. सरावानंतर तिला पोटभर जेवू दे.

दादा, निदान तीन वर्षं तिला दे. स्पाइक्सचा आणि सरावाच्या बुटांचा खर्च माझ्याकडे. तिच्या पायाचं माप सेंटीमीटरमध्ये कळव, डिसेंबरात येताना घेऊन येते. आईला नमस्कार.

तुमची,
माई