भाऊसाहेब, त्या खोडरबरासाठी

आदरणीय भाऊसाहेब,
साष्टांग नमस्कार.

तुमच्याकडे साधा फोन आहे, म्हणून हे पत्र तुमच्या नातीला वाचून दाखवायला सांगा. चार लोकांनीही वाचावं म्हणून उघड लिहिते आहे. त्या दिवशी तुमच्या ओसरीवर मला धड बोलता आलं नाही. चहाही तसाच राहिला. आता जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू होऊन तीन महिने झाले, दुसरीचा वर्ग आहे, तरी ती दुपार आठवली की डोळे भरून येतात.

आपल्या डी.एड. कॉलेजची पाटी मी पहिल्यांदा २००८ साली वाचली, तेव्हा तिचा रंगही नवा होता. शाळेच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या, पन्नासची तुकडी, आणि जिन्याखाली तुमचं कारकुनाचं टेबल. बारावी सायन्सला चांगले मार्क पडलेल्या मुली तेव्हा डी.एड.ला, म्हणजे शिक्षक होण्याच्या पदविकेला, रांगा लावत होत्या. मानधनावर शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढली की नोकरी कायम, असं घरोघर बोललं जायचं. गावोगाव कॉलेजं निघाली ती त्याच भरवशावर. आम्ही रात्र रात्र पाठ टाचणं काढली, तक्ते रंगवले, सूक्ष्म अध्यापनात एकमेकींनाच विद्यार्थी समजून शिकवलं. आमच्या प्राध्यापिकांनी मनापासून शिकवलं, हे मी कुठेही सांगेन.

मग सगळं फिरलं. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजली गेली, आणि कागदावरची कितीतरी मुलं वर्गात सापडली नाहीत. मुलं कमी म्हटल्यावर शिक्षक जास्त ठरले, आणि २०१२ च्या मे महिन्यात शिक्षकभरती थांबली. २०१३ च्या डिसेंबरात पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. खोटा पट कुणी लिहिला आणि शिक्षा कुणाला झाली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नोकरी नाही म्हटल्यावर डी.एड.ला कोण येणार? आपली तुकडी निम्म्यावर आली, मग बोटांवर मोजण्याइतकी झाली, आणि एका जूनमध्ये कुलूप लागलं. आता तिथे सिमेंटच्या गोण्या ठेवतात.

२००९ साली पावसाने ताण दिला. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, कापूस हाती लागला नाही, दुसऱ्या वर्षाची साडेआठ हजार फी राहिली. संस्थेने माझी मूळ पदविका आणि बारावीचं गुणपत्रक ठेवून घेतलं. पुढे पैसे जमले तेव्हा घ्यायला कुणी जागेवर नव्हतं. मी कॉन्व्हेंटमध्ये तीन हजारांवर शिकवलं, शिवण केलं, संसार केला, टीईटी काढली. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी दिली. भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलच्या यादीत नाव आलं त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही, आणि सकाळी मला आठवलं की मूळ कागदपत्रं माझ्याकडे नाहीत.

त्यानंतरचे दिवस थोडक्यात सांगते. संस्थाचालकांच्या बंगल्यावर आम्हाला फाटकातच उभं केलं. "खोल्या रिकाम्या केल्या तेव्हा रद्दीत गेलं असेल," एवढं सांगून ते आत गेले. पन्नास मुलींच्या आयुष्याचा कागद, आणि एका वाक्यात रद्दी. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसरीकडे. अण्णा प्रत्येक ठिकाणी टोपी काढून उभे राहायचे. ते बघवत नव्हतं.

तुमचा पत्ता बसस्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याने दिला. तुम्ही मला नावाने नाही, हजेरीच्या नंबराने ओळखलंत. "एकतीस ना?" आत जाऊन पत्र्याची ट्रंक ओढून आणलीत. कुलूप लागायच्या आदल्या दिवशी तुम्ही आम्हा मुलींच्या कागदपत्रांची ही पाकिटं सायकलवर घरी आणली होती. तुमचाच आठ महिन्यांचा पगार तेव्हा थकलेला होता, हे मला नंतर काकूंनी सांगितलं. दर पावसाळा संपला की तुम्ही ती उन्हात घालत होतात. पाकिटात कडुलिंबाचा वाळका पाला होता.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. माझ्या पाकिटावर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, "फी बाकी ८,५००". अक्षर तुमचंच. मी ते पाहिलं आणि पर्समध्ये हात घातला. अण्णा तेव्हा अंगणात हौदावर पाय धूत होते. तुम्ही मान हलवलीत, खिडकीतून नातीचं कंपास उचललंत, खोडरबर काढलंत आणि ती ओळ सावकाश खोडलीत. आकडासुद्धा उमटलेला दिसू नये म्हणून पुन्हा एकदा घासलंत. भुगा फुंकलात. अण्णा वर आल्यावर पाकीट दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिलंत. "घ्या दादा, लेकीची कागदं. एकदा मोजून घ्या."

चौदा वर्षं त्या साडेआठ हजारांपायी अण्णा माझ्या नजरेला नजर देत नव्हते. पाकीट कपाळाला लावताना त्यांना त्या कोपऱ्यात काही दिसलं नाही. हे पत्र ते वाचतील तेव्हा त्यांना कळेल. कळू दे. त्यांनाही तुमच्या पाया पडायचं असेल.

तुम्ही कारकून होतात, मोठी खुर्ची तुमच्याकडे नव्हती. ज्यांच्याकडे होती त्यांनी आम्हाला फाटकातून परत पाठवलं. माणसाची लाज राखण्याचं भान काही जणांच्या हातातच असतं. त्यांच्यामुळेच गरिबाची लेकरं कागदांच्या या रानातून पार होतात. वर्गात एखादं पोर वही न आणता येतं, तेव्हा सगळ्यांसमोर विचारायला तोंड उघडतं आणि मला तुमचा हात आठवतो. मग मी त्याला मधल्या सुट्टीत बाजूला घेते.

ट्रंकेत अजून सतरा पाकिटं आहेत म्हणालात. नऊ जणींचे नंबर मी मिळवले आहेत. दोघी पुण्यात आहेत, एक सुरतेला, एकीचा मुलगा फोन उचलतो. उरलेल्या आठ जणींची माहेरची गावं नातीकडून लिहून पाठवा, मी शोधते. दिवाळीच्या सुट्टीत अण्णांना घेऊन येते, तेव्हा नऊ पाकिटं माझ्याकडे द्या, मी स्वतः पोचवीन. खोडरबर मी घेऊन येईन.

तुमची,
२००८-१० च्या तुकडीतली, हजेरी क्रमांक एकतीस