बिलावर ‘लोकल’ लिहिणाऱ्या मेकॅनिक काकांना

नमस्कार काका,

वॉशिंग मशीन छान चाललंय. आई अंथरुणाला खिळलेली, रोजच्या चादरी, दुपटी. फ्रंट लोड बंद पडल्यावर घराची काय दैना झाली होती ते तुम्ही मोरीतला ढीग पाहिलात तेव्हाच ओळखलं असणार.

तुमच्या आधी दोघे येऊन गेले. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने ‘पाणी बाहेर जात नाही’ एवढंच ऐकलं आणि एक स्क्रूही न काढता ‘पीसीबी, म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्डच गेला’ म्हणून मोकळा झाला. खर्च सांगितला जवळपास निम्म्या मशीनचा. दुसऱ्याने दाराचं रबर बदललं, पैसे ओरिजिनलचे घेतले, आणि दाराखाली पाण्याचं थारोळं! अडलेल्या माणसाला असं नाडतात, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही पाणी बाहेर टाकणारा ड्रेन पंप काढून मीटर लावून बघितलंत. कॉइल जळलेली, पीसीबी ठणठणीत. मी घाबरून म्हटलं, सगळं कंपनीचंच टाका, कितीही होऊ द्या. तर तुम्ही म्हणालात, “ताई, पंपाला कशाला जास्तीचे घालवता? व्होल्ट, वॅट आणि बसायची जागा जुळली की तपकीर गल्लीच्या बाजारातला चांगला पंपही चालतो. रबर मात्र याच मॉडेलचं, कंपनीचंच हवं.” मग ते डुप्लिकेट रबर माझ्या हातात दिलंत. कडक, जाडसर, कडेची खाच टबच्या काठावर धड बसत नव्हती.

आणि मग बिल. तुमच्या तिरप्या अक्षरात: पंप, लोकल. रबर, कंपनी. मजुरी वेगळी. कोणी विचारलं नव्हतं. लोकल पंपाला ओरिजिनलचा भाव लावला असतात तरी मला कधीच कळलं नसतं. तो कागद वाचताना डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती खुली करावी म्हणून. चांगलंच झालं. पण पाना हातात असलेला माणूस सचोटीचा नसेल तर आमच्यासारख्यांनी त्या माहितीचं करायचं काय? तुमच्यासारखी माणसं हे शहर राहण्याजोगं ठेवतात.

तुम्हाला विचारून तुमचा नंबर सोसायटीत द्यायचा आहे. आणि मिक्सरचा कपलर झिजलाय. सवडीने या, लोकल टाकायचा की कंपनीचा, तुम्हीच ठरवा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई