तुमची खालची विहीर

प्रिय सुमे,

अण्णानं खालच्या आगराचा सौदा ठरवत आणलाय, हे तुझ्या कानावर आहे का? विहिरीसकट. घेणारा पुण्याचा आहे, रिसॉर्ट बांधणार म्हणतो. परवा जागा बघायला आला होता. काठाशी उभा राहून त्यानं अण्णाला विचारलं, "ही बुजवायला काही अडचण नाही ना?" मी गडग्याच्या अलीकडे नारळ सोलत होते. तेव्हापासून जिवाला चैन नाही. दुसऱ्या कुणाला सांगावं तर म्हणतील, त्यांची जागा, त्यांची विहीर, तुमचं काय जातं? तुला तसं म्हणता यायचं नाही. तुझं कर्णफूल अजून त्या विहिरीच्या तळाशी आहे.

तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू आहे. यांचंही बरं.

निसर्ग वादळाचं तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. ३ जून २०२०. तू लॉकडाऊनमध्ये डोंबिवलीत अडकलेली आणि इथले फोन बंद. पोफळी मधूनच मोडल्या, विजेचे खांब आडवे झाले, आणि कित्येक आठवडे वीज नव्हती. अंधाराचं कुणाला काही वाटलं नाही गं. हाल झाले ते पाण्यानं. घरोघरी विहिरी आहेत, पण पंप बसल्यावर सगळ्यांनी रहाट काढून टाकले, तोंडावर स्लॅब टाकले. बोअरमध्ये तर कळशी सोडताच येत नाही. पाण्यावर उभं असलेलं गाव आणि प्यायला पाणी नाही! एकट्या तात्यांनी पंप बसवूनही रहाट काढू दिला नव्हता. अण्णा तेव्हा त्यांच्यावर किती चिडायचा आठवतंय ना? त्या रहाटावर सगळ्या वाडीनं पाणी भरलं. तुझ्या आजीनं ज्या काठावर कुणाकुणाला चढू दिलं नव्हतं, तिथे सगळ्यांच्या कळशा एका रांगेत होत्या. तात्या खुर्ची टाकून बसलेले, दोर कुणी किती वेळ ओढायचा ते सांगत.

वीज आली आणि लोक विसरले. मला विसरता येत नाही, कारण हे एका वादळापुरतं नाही. आपल्या देशात लागणारं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं, स्वयंपाकाचा निम्म्याहून जास्त गॅस बाहेरून येतो. कुठेतरी लढाई होते आणि आपल्या शेगडीला धग लागते. पुढे हे इंधन महागेल, कमी मिळेल, वादळंही येतच राहतील. शहरातली माणसं पैसे टाकून काहीतरी सोय करतील. इथे मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी काय करायचं?

तू म्हणशील, सोलर आहे की. आहे. वरच्या आळीत बऱ्याच घरांवर बसलंय. ३ किलोवॅटला केंद्राचं ७८ हजार अनुदान मिळतं. पण मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर गेला तेव्हा भर उन्हात त्यांचेही पंखे बंद! लाइनची वीज गेली की तो इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, कारण छपरावरची वीज तारेत उलटी गेली तर खांबावर चढलेला वायरमन मरेल. बॅटरी जोडलेली असली तरच घरात उजेड. हे बसवताना कुणी विचारलं नव्हतं. काकू तर पॅनेलकडे बघून म्हणाली, "सूर्य आहे, तुम्ही आहात, मग अडलं कुठे?"

आता तुला एस.टी.तलं भांडण आठवेल. एन्रॉनच्या वीज प्रकल्पावरून. तू सगळ्यांसमोर ओरडली होतीस, "तुला कंदिलात राहायचंय तर राहा, मला नाही!" आणि परीक्षा संपेपर्यंत आपण बोललो नाही. खाडीपलीकडचा तो प्रकल्प १९९९ साली सुरू झाला आणि २००१ साली बंद पडला. नाफ्था जाळून केलेली ती वीज राज्याला परवडेना. मी जिंकले म्हणून हे उकरत नाहीये. कंदील मलाही नकोय, सुमे. दिवा हवाय, मोबाइल हवाय, आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रीज तर हवाच हवा. पण पाणी, पीठ आणि चूल ही तिन्ही एकाच तारेला बांधून ठेवायची नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

ग्रामसभेत हेच बोलले. शाळेवर बॅटरीचं छोटं सोलर बसवा, दिवे आणि मोबाइल तिथे चार्ज होतील. वरच्या पऱ्याचं पाणी पूर्वी पोफळीच्या पन्हळींनी आपसूक खाली यायचं, आता पाइप टाका, उताराला पंप लागत नाही. पाऊस सरला की पोत्यांचा वनराई बंधारा सगळ्यांनी मिळून घालू. सरपंचबाईंना पटलं. बाकीच्यांना चौकात हायमास्टचा उंच दिवा हवा.

गोबरगॅसचाही विषय काढला. तिकडे कुडाळजवळ झारापला भगीरथ प्रतिष्ठाननं घरोघर गोबरगॅस नेलाय, तेव्हा हे होणारं काम आहे. पण दोन घनमीटरच्या प्लँटला चार-पाच जनावरांचं शेण रोज लागतं, आणि आपल्याकडे गोठ्यांच्या खोल्या झाल्या, पर्यटकांना द्यायला. म्हणून म्हटलं, दोन-तीन घरांनी मिळून गुरं ठेवा, शेण एकत्र करा, गॅस वाटून घ्या. यावर सभेत हसले. मला त्या हसण्याचाच घोर लागलाय. पैसा उभा राहील, पॅनेलही येतील, पण शेजाऱ्याबरोबर एक गाय सांभाळायची सवय कुठून विकत आणणार? रहाटाचा कणा बसवणारे सुतारबाबा आता अंथरुणाला खिळलेत. नातू ठाण्याला असतो. त्याला गणपतीत बसवून घेतलं आणि बाबांकडून सगळं वदवून घेतलं. त्यानं मोबाइलवर उतरवलंय. पण हातानं केल्याशिवाय ते यायचं नाही, आणि करायला गावात आता रहाट एकच उरलाय, तुमचा.

अण्णानं विकू नये असं मी म्हणत नाही. पोराच्या शिक्षणाचं कर्ज आहे, मला माहीत आहे. पण खरेदीखतात विहीर न बुजवण्याची अट घालून घ्या, वाडीचा पाणी भरण्याचा हक्क आणि काठापर्यंतची पायवाट लिहून घ्या, आणि सातबाऱ्यावर इतर अधिकारात त्याची नोंद करा. तात्या गेल्यावर तुझंही नाव लागलंय. तुझ्या सहीशिवाय सगळ्या जागेचं खरेदीखत होणार नाही. मी सांगितलं तर अण्णा म्हणेल, हिला कुठल्याही गोष्टीची चळवळ करायची असते. तुझं ऐकेल.

सईचं प्रवेशाचं काय झालं? तुझी बदली टळली का? सासूबाईंना नमस्कार सांग. कोकमं आणि कुळथाचं पीठ काढून ठेवलंय, कुणी येणारं असलं तर कळव.

अण्णा शुक्रवारी दापोलीला वकिलाकडे जाणार आहे. त्याआधी फोन कर. रात्री आठनंतर कर, दुपारी तो झोपतो, आणि झोपमोड झाली की कशालाच हो म्हणत नाही, हे तुला मी काय सांगायचं.

तुझी,
मंगल