छज्ज्यावर उतरण्याआधी

नाशिक,
१८ मार्च

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज आला. ठाण्याच्या फ्लॅटची किल्ली हातात पडली हे वाचून बाबा आणि मी किती वेळ नुसते बोलत बसलो. पुढे तू लिहिलं होतंस की आधीच्या मालकांनी दोन्ही एसी आणि गीझर तसेच ठेवलेत, आणि नाक्यावरचा एक जण दोन्ही एसींची सर्व्हिस १,१०० रुपयांत करून देतो म्हणतोय, रविवारी बोलावू का? मी फक्त "थांब" एवढंच लिहिलं. तुला ते तुटक वाटलं असेल. फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून पत्र लिहायला बसले.

तू सहावीत असताना आपला एसी दुरुस्त करायला आलेला मुलगा पडला होता, आठवतं? त्या एसीवाल्या काकांचा पाय मुरगळला होता, आता बरे आहेत, असं आम्ही तुला सांगितलं. ते खरं नव्हतं.

बाबांची बायपास होऊन तीन आठवडे झाले होते. मे महिना, आणि एसीतून नुसतीच हवा येत होती. मी दोन ठिकाणी फोन केले. एकाने २०० रुपये कमी सांगितले, त्याला हो म्हटलं. आलेला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा होता, पायात स्लीपर. आपलं आउटडोअर युनिट तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर, हात पोचणार नाही इतकं उजवीकडे बसवलेलं. त्याने ग्रिलचं दार उघडलं आणि छज्ज्यावर उतरला. कमरेला पट्टा नाही, दोर नाही. मी म्हटलं, "जपून रे." तो म्हणाला, "रोजचंच आहे, ताई." छज्ज्याची जुनी कड त्याच्या पायाखालून सुटली. पहिल्या मजल्याच्या पत्र्यावर आदळून तो पार्किंगमध्ये पडला. दोन्ही टाचांची हाडं चुरली, पाठीचा एक मणका दबला. मध्ये तो पत्रा नसता तर तो वाचला नसता.

दुकानदार हॉस्पिटलात आला आणि दारातूनच म्हणाला, "तो माझा माणूस नाही, कामापुरता बोलावला होता." हजेरीची वही नाही, पगाराची चिठ्ठी नाही, विमा नाही. त्या मुलाची बायको कडेवर चार महिन्यांचं बाळ घेऊन जिन्यात बसली होती. तिने मला विचारलं, "आता कोण बघणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांनी एफडी मोडली, ऑपरेशनचा बराचसा खर्च आपण दिला. त्या दिवाळीत तारकर्लीला जायचं रद्द झालं ते त्यामुळे. बाबांच्या तब्येतीमुळे नव्हे. तू दोन दिवस रुसला होतास. तो मुलगा आता मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसून काम करतो. शिडी चढणं त्याला जमत नाही.

मी त्या वेळी विमा कंपनीत क्लेम विभागात होते. कामगारांच्या अपघाताच्या फायली रोज माझ्या टेबलावर यायच्या. पॉलिसी कुणाच्या नावावर, मुदत कधी संपली, मजुरी किती दाखवली, हे मी परक्या माणसांना दिवसभर विचारायचे. माझ्या स्वतःच्या खिडकीतून उतरणाऱ्या मुलाच्या मालकाला मी ते विचारलं नाही. बाबांखेरीज हे मी कुणाजवळ बोललेले नाही.

तुझा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे, सौरभ.

ठेकेदाराला विचार, "डब्ल्यूसी पॉलिसी आहे का?" डब्ल्यूसी म्हणजे वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, कामगारांची भरपाई. १९२३ च्या कायद्याचं हे जुनं इंग्रजी नाव त्यांच्या तोंडी अजून तसंच आहे. कामावर असताना माणूस जखमी झाला, अपंग झाला किंवा गेला, तर भरपाई मालकाने द्यायची, हे त्या कायद्याचं सूत्र. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते घेतलं आहे. मोठ्या आस्थापनांतल्या कामगारांना ईएसआयसी, म्हणजे सरकारी कर्मचारी विमा असतो, पण त्यासाठी साधारणपणे दहा माणसं कामाला असावी लागतात. तीन-चार मुलं हाताशी घेऊन फिरणारा एसीवाला त्यात बसत नाही. त्या मुलांच्या मागे उभी राहील अशी हीच एक पॉलिसी.

"आहे ना, ऑफिसात आहे" एवढ्यावर समाधान मानू नकोस. शेड्युलचं पान, म्हणजे पॉलिसीचा तपशील लिहिलेलं पान, माग, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला तरी चालेल. बिलावरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव एकच आहे का, मुदत कामाच्या दिवसापर्यंत आहे का, हे आधी बघ. मग माणसांची संख्या बघ. सहा मुलं फिरवायची आणि दोघांचीच नावं दाखवायची, अशा फायली मी कितीतरी पाहिल्या आहेत. कामाचं स्वरूप काय लिहिलंय तेही वाच. दुकानात बसून उपकरणं दुरुस्त करणं आणि इमारतीच्या बाहेरच्या बाजूने उंचीवर काम करणं यांची जोखीम एक नाही, हप्ताही एक नाही. आणि सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे: पॉलिसी मोठ्या एजन्सीची असते, येणारा मुलगा पोटठेकेदाराचा. पोटठेकेदाराची माणसं पॉलिसीत वेगळी दाखवून त्यांचा हप्ता भरलेला नसेल, तर एजन्सीच्या चकचकीत कागदाचा त्या मुलाला काही उपयोग नाही. उपचाराचा खर्चही पुष्कळदा जादा हप्ता भरूनच मिळतो, आणि त्यालाही मर्यादा असते. शंका आली तर विमा कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून पॉलिसी क्रमांक सांगून विचार. कागदावर छापलेल्या नंबरवर विचारू नकोस. अ‍ॅपवरून माणूस बोलावलास तरी हेच सगळं विचारायचं, कारण तिथे येणारा बहुधा कंपनीचा नोकर नसतो.

दुसरा विमा त्रयस्थाच्या नुकसानीचा. पाना हातातून सुटून खालच्या गाडीच्या काचेवर पडला किंवा ड्रेनचं पाणी दहाव्या मजल्याच्या छतात मुरलं, तर कोण भरणार? लहान ठेकेदाराकडे ही पॉलिसी क्वचित सापडते. नसेल तर कोटेशनवर तशी जबाबदारी लिहून घे आणि पूर्ण पैसे आधी देऊ नकोस.

तुझ्या घराचा विमा वेगळा. भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. पाइप फुटून झालेलं नुकसान तिच्यात येतं, पण वर्षानुवर्षं झिरपून आलेली ओल येत नाही. ती घे. पण तुझ्याकडे काम करताना पडलेल्या माणसाचा विचार तिच्यात केलेला नाही.

आणि एक, हे मी आता घरी येणाऱ्या प्रत्येक कारागिराला विचारते: "प्रधानमंत्री सुरक्षा विमा घेतलाय का?" वर्षाला २० रुपये बँक खात्यातून जातात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख मिळतात. मालकाची जबाबदारी त्याने संपत नाही. पण २० रुपयांपायी एखाद्या घरात काहीच न पोचावं, हे मला बघवत नाही. आपल्या प्लंबरचा फॉर्म मीच भरून दिला.

आता एसीकडे येते, कारण एसी नीट सांभाळला तर बाहेर उतरायची वेळच कमी येते. आतल्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी तूच काढून नळाखाली धू, सावलीत वाळव. त्यांच्यावर धूळ बसली की हवा अडते, कॉइलवर बर्फ धरतो आणि मग "गॅस संपला" असं सांगणारा माणूस येतो. एसीतला गॅस वापरून संपत नसतो, तो बंद नळीतच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधायची, ती बंद करायची, मग पंपाने नळीतली हवा पूर्ण काढून (व्हॅक्यूम करून) वजन करून गॅस भरायचा. नुसतं टॉप-अप करून देणाऱ्याला दोन महिन्यांनी पुन्हा बोलवावं लागतं, म्हणजे पुन्हा कुणीतरी छज्ज्यावर. युनिटच्या पट्टीवर आर-३२ लिहिलं असेल तर तो गॅस थोडा ज्वालाग्राही असतो. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेव.

२४ अंशांवर एसी आणि सोबत मंद पंखा, एवढं पुरतं. २०२० पासूनचे नवे एसी सुरू होतात तेच २४ वर, आणि प्रत्येक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं.

गीझर आधी वापरू नकोस. तुमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं म्हणालास, तर आत खार साचलेला असणार. आतला मॅग्नेशियमचा रॉड आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बघून घे. वायरिंगला सरकारी परवाना असलेलाच ठेकेदार आण, अर्थिंग तपासून घे, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घे. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

तू पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. हॉलचं युनिट बाल्कनीतून हाताला लागतं, तिथे काही भीती नाही. बेडरूमचं युनिट मात्र कोपऱ्यावर आहे आणि त्याचा लोखंडी स्टँड गंजलाय. ते बाल्कनीत हलवायचं ठरवू. तांब्याची नळी पाच-सहा मीटर वाढेल, ड्रेनला उतार द्यावा लागेल, सोसायटीची परवानगी लागेल. काढताना एकदा बाहेर उतरावंच लागणार. त्या दिवशी पूर्ण हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा, आणि पक्क्या जागी बांधलेला दोर दिसल्याशिवाय खिडकीचं दार उघडू नकोस. नाक्यावरच्या माणसाकडे पॉलिसी असेल तर त्यालाच काम दे. नसेल आणि त्याने आठ दिवसांत काढली तर थांब त्याच्यासाठी, हप्त्यापायी थोडं जास्त मागितलं तरी दे.

युनिट हलवायचा खर्च मी करणार आहे. त्या वेळच्या एफडीनंतर मी दरवर्षी थोडे बाजूला टाकत आले, ते याच्यासाठीच असावेत असं मला वाटतं. नाही म्हणू नकोस.

शेड्युलचा फोटो आला की मला पाठव, मी वाचून कळवते. साडेनऊपर्यंत जागी असते.

तुझी,
आई