प्रथमोपचार स्पर्धेतले गुण आणि फलाटावरचा रुग्ण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कामगारांच्या प्रथमोपचार स्पर्धांमध्ये मी रबाळ्याच्या एका कारखान्याच्या चमूतून नऊ वर्षे उतरलो आणि निवृत्तीनंतर काही ठिकाणी परीक्षक म्हणूनही बसलो. ही तयारी खऱ्या प्रसंगी कितपत उपयोगी पडते, याविषयी अनुभवाने जे कळले ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या स्पर्धांचे ऋण मी मानतो. १९४८च्या कारखाने अधिनियमाने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारी प्रशिक्षित व्यक्ती बंधनकारक केली. परंतु प्रमाणपत्र घेऊन वर्ष उलटले की हात विसरतात, आणि दर वर्षीच्या सरावामुळेच आमचे हात तयार राहिले. कारखान्यात एका फिटरचे मनगट पत्र्याने कापले गेले तेव्हा जखमेवर घडी दाबून धरणे, हात उंच करणे आणि पट्टी आवळणे हे सारे विचार करण्याआधीच होऊन गेले होते.

मात्र दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ठाणे स्थानकात, फलाटाकडे उतरणाऱ्या जिन्यापाशी साधारण पन्नाशीचे एक गृहस्थ कोसळले, तेव्हा हीच तयारी अपुरी पडली. कोणी त्यांना चप्पल हुंगवत होते, कोणी तोंडात पाणी ओतू पाहत होते आणि मागून येणारा लोंढा आमच्या अंगावर चढत होता. गृहस्थ मधूनमधून घशातून घरघर करत तोंड उघडत होते. मी त्याला श्वास समजलो आणि शिकवल्याप्रमाणे, अगदी नेटकेपणाने, त्यांना कुशीवर वळवले. गर्दीतून पुढे आलेल्या एका परिचारिकेने मला बाजूला सारले आणि म्हणाल्या, “काका, हा श्वास नव्हे. उताणे करा, छाती दाबायला घ्या.” हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे अशी घरघर पुष्कळदा होते, हे मी पुस्तकात वाचले होते, पण स्पर्धेतला रुग्ण नेहमी एक तर शांत पडून असतो किंवा व्यवस्थित श्वास घेत असतो, त्यामुळे ती प्रत्यक्ष कशी दिसते आणि कशी ऐकू येते, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या चुकीत गेलेला तो मिनिटभराचा वेळ आजही मनातून जात नाही. स्ट्रेचर येईपर्यंत आम्ही दोघांनी आलटून पालटून दाब दिला. पुढे त्यांचे काय झाले ते कळले नाही.

परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर या उणिवेचे कारण मला उमगले. गुणपत्रिकेत पट्टीची रीफ नॉट, म्हणजे न सुटणारी सपाट गाठ, नीट बसली का, तिचे टोक आत खोचले का, याला गुण असतात, कारण ते मोजता येते. छातीवरचे दाब मात्र पुतळ्यावर दोन मिनिटे देऊन चमू पुढच्या कृतीकडे वळतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देताना धडधाकट माणसाचेही खांदे दोन मिनिटांत भरून येतात आणि दाब उथळ होऊ लागतात, आणि वाहतूक कोंडीत रुग्णवाहिका अडकली तर हेच पंधरा-वीस मिनिटे करावे लागते. गर्दीतल्या नेमक्या एका माणसाकडे बोट दाखवून ‘तुम्ही १०८ लावा आणि काय सांगतात ते मला येऊन सांगा’ असे बजावणे हेही कौशल्य आहे, आणि त्याला मी एकाही गुणपत्रिकेत गुण पाहिलेले नाहीत. मोटार अपघातातील जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४-अ ने संरक्षण दिले आहे, हेसुद्धा किती स्पर्धकांना माहीत असते?

माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे की, निदान एक फेरी अघोषित ठेवावी. रुग्णाभोवती वीस माणसे उभी करावीत, त्यांतल्या दोघांना चुकीचे सल्ले द्यायला सांगावे, एकाला नातेवाईक म्हणून रडू द्यावे, आणि त्या घरघरीची चित्रफीत प्रत्येक स्पर्धकाला आधी दाखवावी.

आणखी एक गोष्ट आमच्या रासायनिक पट्ट्यासाठी फार महत्त्वाची आहे. स्पर्धेत चमूप्रमुख ‘परिसर सुरक्षित आहे’ असे मोठ्याने म्हणतो, गुण मिळवतो आणि पुढे जातो; परिसर असुरक्षित निघाल्याचे मी कधीच पाहिले नाही. टाकीत किंवा मलकुंडात उतरलेला माणूस बेशुद्ध पडला की त्याला काढायला धावलेला दुसरा आणि तिसराही विषारी वायूने किंवा प्राणवायूच्या अभावाने मरतो, अशा बातम्या आपल्या वृत्तपत्रातही वारंवार येतात. म्हणून एका प्रसंगात रुग्ण टाकीत ठेवावा, आणि जो चमू काठावर थांबून इतरांना रोखील, श्वसनयंत्र असलेल्या अग्निशमन दलाला बोलावील आणि रुग्णाला हातही लावणार नाही, त्यालाच त्या फेरीचे पूर्ण गुण द्यावेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कामगार, ऐरोली, नवी मुंबई