इंजिनात नट पडल्याचे माहीत असूनही गाडी सुरू केल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
संबंधित मोटार कंपनी

महोदय,

माझ्या पेट्रोल गाडीची 40,000 किलोमीटरची सर्व्हिसिंग गेल्या मे महिन्याच्या 14 तारखेला आपल्या नागपुरातील अधिकृत सेवा केंद्रात झाली. या गाडीचे स्पार्क प्लग बदलायचे तर त्यांच्यावरचा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांचा जोड) आधी उतरवावा लागतो, आणि तो उतरवला की इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणासारख्या भागात, हवा नेणारी चारही तोंडे उघडी पडतात. ती फडक्याने किंवा टेपने झाकून ठेवणे हे या कामातले अगदी पहिले पथ्य आहे. त्या दिवशी ते पाळले गेले नाही आणि मॅनिफोल्ड परत बसवताना, दहा नंबरच्या पान्याने आवळला जाणारा एक नट तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडात पडला.

माझी तक्रार नट पडल्याची नाही. हात कोणाचाही चुकतो, हे मी मनापासून मान्य करते. तक्रार त्यानंतरच्या दहा मिनिटांची आहे. ग्राहकांच्या खोलीच्या काचेतून मी पाहत होते. मेकॅनिक टॉर्च घेऊन इंजिनावर वाकला, त्याने सुपरवायझरना बोलावले, दोघांचे काही बोलणे झाले, मग दुसरा नट आणून मॅनिफोल्ड बसवला गेला आणि सेल्फ मारला गेला. त्या वेळी मला याचा अर्थ कळला नाही. गाडी ताब्यात देताना कोणी चकार शब्द काढला नाही; जॉब कार्डावरही ‘काम पूर्ण’ एवढीच नोंद आहे.

घरी परतताना छत्रपती चौकाच्या अलीकडे इंजिनातून धातूवर धातू आपटल्यासारखा टकटक आवाज येऊ लागला, गाडी थरथरू लागली आणि मी ती बाजूला घेऊन बंद केली. सोबत माझी 71 वर्षांची आई होती. मे महिन्याच्या भर दुपारी आम्ही दोघी क्रेन येईपर्यंत दीड तास रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. त्याच संध्याकाळी, गाडी पुन्हा सेवा केंद्रात पोहोचल्यावर, त्या मेकॅनिकने सर्व्हिस अॅडव्हायझरांच्या समोरच मला खरे काय घडले ते सांगितले. नट पडल्याचे आपण लगेच कळवले होते, पण ‘गाडी संध्याकाळपर्यंत द्यायची आहे, बसवून टाक’ असे आपल्याला सांगण्यात आले, असे तो म्हणाला. या प्रकरणात खरे बोलणारा तो एकटाच माणूस आहे. त्याच्यावर कारवाई होऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

त्या क्षणी थांबले असते तर किती थोडक्यात निभावले असते, हे आपल्या तंत्रज्ञांना मी सांगायला नको. इनटेक व्हॉल्व्ह बंद असेल तर असा नट सिलिंडरबाहेर, व्हॉल्व्हच्या पाठीवरच पडून राहतो आणि लवचीक दांडीच्या चुंबकाने तो काही मिनिटांत निघतो. तो सिलिंडरमध्ये उतरला असता, तरी प्लग काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा आणि चुंबक आत घालता आला असता. इंजिन फिरवायचे नाही, एवढी एकच अट होती. नटाची जाडी सुमारे 5 मिलिमीटर, आणि वर आलेला पिस्टन व हेड यांच्यात त्याला मावायला जागा नसते. गाडी उभी असतानासुद्धा इंजिन मिनिटाला सुमारे 800 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला तेरा वेळा पिस्टनने तो पोलादी तुकडा हेडवर आदळला. मी दुसरीकडे करून घेतलेल्या कॅमेरा तपासणीत अॅल्युमिनियमच्या पिस्टनच्या माथ्यावर नटाच्या कडांचे ठसे स्पष्ट दिसतात, एक व्हॉल्व्ह वाकला आहे आणि त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत हवा दाबली जाण्याचा दाब) उरलेल्या तिघांच्या निम्म्याहूनही कमी आहे.

सेवा केंद्राचे लेखी उत्तर असे की ‘बाहेरील वस्तूमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही’. ती वस्तू बाहेरून आली हे खरे, पण ती आपल्याच कार्यशाळेत, आपल्याच माणसांच्या हातून आत गेली. मी वॉरंटी मागतच नाही. सदोष सेवेची भरपाई मागते आहे. 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत निष्काळजीपणाबरोबरच ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे याचाही स्पष्ट समावेश आहे, आणि माझ्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत.

म्हणून माझे मागणे असे की हेड उतरवून पिस्टन, व्हॉल्व्ह आणि सिलिंडरची भिंत माझ्या समक्ष तपासली जावी आणि खराब झालेले सर्व भाग कंपनीच्या खर्चाने नवे बसवले जावेत. धातूचे कण ऑइलमध्ये आणि पुढे सायलेन्सरकडील, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेले असण्याची शक्यता असल्याने त्यांचीही तपासणी व्हावी, आणि या दुरुस्तीची स्वतंत्र लेखी हमी मिळावी. आईला दर पंधरवड्याला तपासणीसाठी सेवाग्रामला न्यावे लागते. तोवरच्या भाड्याच्या गाडीचा आणि क्रेनचा खर्चही मिळावा. इंजिनात काही पडल्यास ते निघेपर्यंत सेल्फ मारायचा नाही आणि ग्राहकाला त्याच वेळी कळवायचे, असा लेखी आदेश आपण सर्व केंद्रांना द्यावा, ही मागणी मला वैयक्तिक भरपाईइतकीच महत्त्वाची वाटते.

जॉब कार्ड, कॅमेरा तपासणीची छायाचित्रे, कॉम्प्रेशनचा अहवाल आणि खर्चाच्या पावत्या यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली,
वाहनमालक (जॉब कार्डावरील नोंदीप्रमाणे)
प्रताप नगर, नागपूर